पाच भागांची कादंबरीमालिका स्वतः प्रकाशित करायची आहे: पहिला भाग आत्ता काढू की थांबू?

रानजाई

नमस्कार मंडळी,

इथे बराच काळ नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मी एक कादंबरीमालिका लिहिते आहे. पाच भाग ठरले आहेत. एक काल्पनिक बेटसमूह, तिथली दीपगृहं पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणारं घराणं, आणि एका शांत रात्री खडकावर फुटलेल्या जहाजापासून सुरू होणारं रहस्य. पहिला भाग पूर्ण आहे, साधारण ऐंशी हजार शब्दांचा. दुसऱ्याचा कच्चा खर्डा निम्म्यावर आलाय. तिसऱ्याची टिपणं आहेत. चौथ्या-पाचव्यात काय होणार ते ढोबळ माहीत आहे, शेवटचं पान मात्र डोळ्यांसमोर स्वच्छ आहे.

स्वतःच प्रकाशित करायचं हा निर्णय झालाय, त्यामुळे 'आधी प्रकाशकांकडे पाठव' हा सल्ला कृपया नको. पुढचे भाग कधी यायचे, कसे दिसायचे, हे माझ्या हातात राहायला हवं.

अडलंय ते असं. पहिला भाग आत्ताच काढावा, की निदान दुसरा तयार होईपर्यंत थांबावं? ईबुक एकाच दुकानात ठेवावं की सगळीकडे? खर्च आधी कशावर करावा, संपादनावर की मुखपृष्ठावर? शिवाय एका संस्थेने पाचही भागांचं पॅकेज देऊ केलंय. पैसे मी द्यायचे आणि हक्क त्यांच्याकडे जायचे, असं काहीसं त्यात दिसतंय. सही केलेली नाही.

ज्यांनी मालिका काढली आहे, काढता काढता सोडली आहे, किंवा वाचताना चिडून पुस्तक मिटलं आहे, त्या सगळ्यांनी लिहा.

तळटीप

चांगला धागा. मी संपादनाचं काम करते आणि मालिकांची हस्तलिखितं बरीच हाताखालून जातात. माझं मत: दुसऱ्या भागाचा खर्डा शेवटापर्यंत पोचल्याशिवाय पहिला भाग बाहेर काढू नका. तिसऱ्याचा झाला नाही तरी चालेल, दुसऱ्याचा हवाच.

विक्रीचा विचार बाजूला ठेवून हे सांगतेय. पहिला भाग लिहिताना आपण ते जग शोधत असतो. दुसऱ्या भागात त्या जगाचे नियम कामाला लागतात आणि तेव्हा कळतं, कुठला नियम कथेच्या आड येतोय. पहिला भाग अजून घरात असेल तर एखादा परिच्छेद बदलून भागतं. तो वाचकांकडे गेलेला असेल, तर त्या एका परिच्छेदापायी दुसऱ्या भागाची दोन प्रकरणं वाकवावी लागतात, आणि वाकवलेली जागा वाचकाला जाणवते.

'ईबुक तर कधीही बदलता येतं' असं कुणीतरी म्हणेलच. फाइल बदलता येते, खरं आहे, आणि टंकनदोषांसाठी ती सोय उत्तम आहे. पण ज्यांनी आधी वाचलंय त्यांच्या मनात जुनाच मजकूर राहतो. त्यांच्या यंत्रावरची प्रतही आपोआप बदलेल असं धरून चालता येत नाही. छापील प्रत तर एकदा गेली की गेली.

दुसरं म्हणजे मालिकेची वही. पात्रांचे डोळे, केस, उंची बहुतेक जण लिहून ठेवतात. तसल्या विसंगती संपादकाला सहज सापडतात. सापडत नाहीत त्या वेगळ्याच: कुणाला काय ठाऊक आहे, आणि कुठल्या प्रकरणापासून. रहस्यकथेत सगळा डोलारा त्यावर उभा असतो. म्हणून प्रत्येक मुख्य पात्राला एक पान द्या: काय कळलं, कुठे कळलं, कुणाकडून कळलं. त्याच्या जोडीला काळाचा तक्ता. तीन-चार पिढ्या असतील तर आजीचं वय आणि नातीचं वय तिसऱ्या भागात हमखास एकमेकांशी भांडतात. आणि एक पान वाचकाला दिलेल्या शब्दांचं. पहिल्या भागात एखादं पत्र न उघडता ठेवलंत, तर ते कुठल्या भागात उघडणार ते तिथे लिहून टाका. वाचक अशी पत्रं विसरत नाहीत.

खर्चाबद्दल: पैसे मोजकेच असतील तर पहिल्या भागाच्या संपादनावर लावा. मुद्रितशोधन वेगळं आणि कथेच्या बांधणीवरचं संपादन वेगळं, हेही ठरवून घ्या. बांधणीचं काम आधी, वाक्यांचं त्यानंतर, मुद्रितशोधन अगदी शेवटी, पानं लागल्यावर. हा क्रम उलटा झाला तर पैसे दोनदा जातात.

पाऊलवाट

तळटीप, तुमच्या अनुभवाचा आदर आहेच, तरी मी उलट बाजूने बोलणार.

'आधी दुसरा होऊ दे, मग तिसरा होऊ दे' म्हणता म्हणता उत्तम हस्तलिखितं पडून राहिलेली मी जवळून बघितली आहेत. लिहिणारा थकतो. त्या जगात तो एकटाच राहत असतो, कुणी विचारत नाही की पुढे काय झालं. पहिला भाग चार अनोळखी माणसांनी वाचला आणि त्यातल्या एकाने विचारलं, 'तो दिवेकरी खरं बोलतोय का?', तर दुसरा भाग लिहायला जे बळ येतं ते वहीतून येत नाही.

१९व्या शतकात कितीतरी कादंबऱ्या मासिक हप्त्यांनी निघायच्या. पुढचा हप्ता लिहून व्हायच्या आत मागचा वाचकांच्या हातात असायचा. आधी छापलेलं पाळून पुढचं रचणं ही लेखनाची एक जुनी रीत आहे आणि तिच्यातून मोठं काम झालेलं आहे.

शिवाय प्रकाशनाची स्वतःची एक कला असते. मलपृष्ठावरचा मजकूर, शोधशब्द, वर्गवारी, फाइल तपासणं. किंडलसाठी केडीपीवर (अमेझॉनची स्वतः पुस्तक प्रकाशित करण्याची सेवा) पुस्तक चढवताना सात शोधशब्दांच्या जागा आणि तीन वर्ग मिळतात. ते कसे भरायचे हे वाचून समजत नाही, करूनच समजतं. त्यामुळे रानजाई, मधला मार्ग सुचवते. याच बेटांवरची एक छोटी, स्वतंत्र कथा लिहा. मुख्य रहस्याला धक्का न लावणारी, समजा घराण्यातल्या पणजीच्या तरुणपणातली. ती आधी प्रकाशित करा. अख्खी प्रक्रिया एकदा हाताखालून जाईल, आणि पाच भागांपैकी एकाचाही मजकूर त्यात अडकणार नाही.

निव्वळ_वाचक

मी लिहीत नाही. मालिका भरपूर वाचतो आणि बऱ्याच सोडून दिल्या आहेत.

पहिल्या भागाच्या शेवटी काहीच मिटलं नसेल तर मी दुसरा घेत नाही. लेखकाला वाटतं की उत्सुकता ताणली आहे, मला वाटतं की अर्धं पुस्तक पूर्ण म्हणून हातात दिलं. जहाज कसं फुटलं ते पहिल्याच भागात कळू दे. ते कुणाच्या सांगण्यावरून झालं, हे पुढच्या भागांसाठी खुशाल राखून ठेवा. त्या एका उत्तरावरून मला लेखकाचा भरवसा येतो आणि उरलेल्या प्रश्नासाठी मी थांबायला तयार असतो.

आणि दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला पात्रांची एक साधी यादी द्या. मधल्या काळात नावं पुसली जातात.

आकडेमोड

या चर्चेत थोडं गणित घालतो. खाली मांडलेले आकडे उदाहरणादाखल आहेत, कुणाच्या विक्रीचे नाहीत. गंमत त्यांच्यातल्या नात्यात आहे.

समजा पहिला भाग १०० जणांनी घेतला. त्यातल्या ५० जणांनी दुसरा घेतला, ४० जणांनी तिसरा, ३६ जणांनी चौथा, ३४ जणांनी पाचवा. मालिकेत गळती अशीच होते: सगळ्यात मोठी पहिल्यानंतर, पुढे कमी कमी. एकूण प्रती २६०. म्हणजे पहिल्या भागाचा एक वाचक हा तुमच्यासाठी २.६ प्रतींचा वाचक आहे.

आता पहिल्या भागाचा शेवट सुधारला, आणि ५० ऐवजी ६० जण दुसऱ्याकडे गेले असं धरा. पुढचं प्रमाण तेच ठेवलं तर ६०, ४८, ४३, ४१. एकूण २९२. एकही नवा वाचक न आणता ३२ प्रती वाढल्या. तितक्याच प्रती जाहिरातीने वाढवायच्या तर पहिल्या भागाला जवळपास १२ नवे वाचक विकत आणावे लागतील. त्यामुळे निव्वळ_वाचक यांचा मुद्दा मला हिशेबाच्या बाजूनेही पटतो. पहिल्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण हीच मालिकेची खरी जाहिरात.

याचीच दुसरी बाजू: एकच भाग बाजारात असताना जाहिरातीवर पैसे घालू नका. आलेला वाचक पुस्तक संपवतो आणि पुढे घ्यायला काहीच नसतं. तो परत येईलही, पण त्याला कुणी आठवण करून द्यायला हवी. म्हणून पहिल्या पुस्तकाच्या शेवटच्या पानानंतर लगेच, आभारांच्याही आधी, 'पुढचा भाग आला की कळवू' अशी ईमेल यादीची नोंद ठेवा. दुकानांचे नियम बदलतात, ती यादी तुमची राहते.

रॉयल्टी: केडीपीवर ईबुकला ३५ किंवा ७० टक्के असे दोन पर्याय आहेत. अमेरिकी दुकानात ७० टक्क्यांसाठी किंमत २.९९ ते ९.९९ डॉलरच्या मध्ये लागते, आणि फाइलच्या आकारानुसार पोचवणीचा खर्च वजा होतो. काही देशांतल्या विक्रीवर ७० टक्के मिळवायला केडीपी सिलेक्टमध्ये (ईबुक फक्त अमेझॉनवर ठेवायच्या योजनेत) नाव घालावं लागतं. हे आधी वाचून मग किंमत ठरवा. मालिका पुढे सरकली की पहिला भाग स्वस्त ठेवून पुढचे नेहमीच्या दराने विकणं ही रूढ पद्धत आहे, पण स्वस्त दरात टक्केवारीही ३५ वर येते, हे त्या हिशेबात धरायला विसरू नका.

रानजाई

इतकं मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. मी वही आणून बसले आहे.

तळटीप, तुम्ही म्हणता तसला एक पेच आत्ताच समोर आहे. पहिल्या भागात नायिका रोज रात्री बंदरातल्या तिच्या खिडकीतून उत्तर बेटाचा दिवा बघते. तो उतारा मला अतिशय प्रिय आहे, आजीशी तिचं नातं त्यावरच उभं आहे. दुसरा भाग लिहिताना मात्र लक्षात येतंय, की तो दिवा सलग तीन रात्री बंद होता आणि बंदरात कुणालाच पत्ता लागला नाही, हे कथेला हवंच आहे. दोन्ही एकत्र कसं नांदणार? नायिकेला आजारी पाडावं का? धुकं आणावं?

क्षितिजरेषा

धुकं आणू नका, भूगोल वापरा. (थोडं अवांतर, पण कामाचं.)

समुद्रावर किती लांबचं दिसतं हे पृथ्वीच्या वक्रतेवर ठरतं. डोळ्याची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ३.५७ ने गुणा. आलेलं उत्तर म्हणजे क्षितिजाचं किलोमीटरमधलं अंतर. दिवा समुद्रसपाटीपासून ३० मीटर उंच असेल तर त्याचे साधारण १९.५ किलोमीटर. खिडकी ९ मीटरवर असेल तर तिचे १०.७. बेरीज ३० किलोमीटरच्या आसपास. हवेतल्या वक्रीभवनामुळे प्रत्यक्षात थोडं जास्त दिसतं. उत्तर बेट ४० किलोमीटरवर ठेवलंत तर दिवा कितीही प्रखर असो, त्या खिडकीतून थेट दिसणारच नाही.

पण तुमचा उतारा वाचतो! क्षितिजाखालच्या दीपगृहाची प्रभा हवेतल्या बाष्पावर, खालच्या ढगांवर उमटते. दिवा दिसत नाही, आभाळात फिरणारा उजेड दिसतो. तोही काही रात्रीच. हवा अगदी स्वच्छ आणि आभाळ निरभ्र असेल तेव्हा उमटायला काही नसतं. म्हणजे नायिका त्या उजेडाची रोज वाट बघते आणि तो कधी येतो, कधी येत नाही. तीन निरभ्र रात्री तो दिसला नाही तर कुणाला शंका यायचं कारणच नाही. जहाज शांत रात्री फुटलं, हेही त्यात बसतं.

रानजाई

क्षितिजरेषा, मी दोनदा वाचलं आणि खुर्चीतून उठले. 'कधी येतो, कधी येत नाही' हे आजीच्या गोष्टीला आधीपेक्षा जास्त शोभतंय. फक्त यासाठी पहिल्या भागात तीन ठिकाणी हात घालावा लागेल.

तळटीप

आणि ती तीन ठिकाणं अजून तुमच्याच घरात आहेत. याच कारणासाठी थांबा म्हणत होते.

पाऊलवाट

हे उदाहरण बघून माझं मत अर्धं बदललं, मोकळेपणाने सांगते. रहस्यमालिकेत दुसऱ्याचा खर्डा आधी असलेला बरा. प्रत्येक भागात नवी कथा आणि तेच मुख्य पात्र, अशी मालिका असती तर मी अजूनही 'काढा' म्हटलं असतं. छोट्या कथेबद्दलचं म्हणणं कायम आहे.

एकाच दुकानात की सगळीकडे, याबद्दल. केडीपी सिलेक्टमध्ये नाव घातलं की ९० दिवसांसाठी ईबुक दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही, स्वतःच्या संकेतस्थळावरही नाही. नमुन्यादाखल १० टक्क्यांपर्यंतचा भाग चालतो. छापील पुस्तकाला ही अट नाही. मुदत आपोआप पुढे सुरू राहते, त्यामुळे नको असेल तर आठवणीने काढावी लागते. रानजाई, तुम्ही प्रकरणं आधी कुठे क्रमशः टाकणार असाल तर ती उतरवल्याशिवाय सिलेक्टमध्ये जाता येणार नाही. छोट्या कथेवर ९० दिवस करून बघा, पाच भागांचं मग ठरवा.

प्री-ऑर्डरचा मोहही आवरा. तिथे ईबुक वर्षभर आधी जाहीर करता येतं, पण अंतिम फाइल ठरलेल्या वेळेत दिली नाही तर पुढे वर्षभर ती सोय बंद होऊ शकते. तारीख तेव्हाच लावा, जेव्हा फाइल मुद्रितशोधन होऊन हातात असेल.

अक्षरजुळणी

फाइलचं आणि पुस्तकाच्या रूपाचं मी बघतो, कारण पोटापाण्याचं काम तेच.

आधी मजकूर युनिकोडमध्ये (सगळ्या यंत्रांवर चालणाऱ्या प्रमाण अक्षरपद्धतीत) आहे ना ते पाहा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये लिहिलेलं असेल तर रूपांतर करून घ्या आणि नंतर पूर्ण पुस्तक डोळ्यांखालून घाला. रूपांतरात अर्ध्या र ची गडबड सर्रास होते. तुमच्या पुस्तकात दर्या आणि दऱ्या दोन्ही असणार, तिथे यंत्राचा भरवसा धरू नका. 'वाऱ्यावर', 'किनाऱ्यावर', 'दिवेकऱ्याने' हे सगळे शब्द एकेक शोधून तपासा.

ईबुकमध्ये मजकूर वाचकाच्या पडद्यानुसार वाहतो, त्यामुळे पान सजवायच्या नादी लागू नका. प्रकरणांची शीर्षकं शीर्षक-शैलीतच द्या, म्हणजे अनुक्रमणिका आपोआप बनते. नवीन प्रकरणासाठी एंटर मारत खाली जाऊ नका, पानतोड वापरा. मग फाइल फोनवर, टॅबलेटवर आणि किंडलवर, तिन्हीकडे उघडून बघा. एखादं जोडाक्षर एका ठिकाणी नीट आणि दुसऱ्या ठिकाणी तुटलेलं, हे नेहमीचं.

छपाईसाठी फॉन्ट निवडताना श आणि ल मराठी वळणाचे आहेत का ते बघा. टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट त्या दृष्टीने घडवलेला आहे आणि खुल्या परवान्याचा आहे, म्हणजे पुस्तकात वापरायला पैसे पडत नाहीत. कुठलाही फॉन्ट घ्या, परवाना मात्र वाचा. आणि छपाईच्या सेवेत आपली भाषा चालते का तेही आधी विचारा. ईबुकसाठी चालणारी भाषा छापीलसाठी चालेलच असं नाही.

मुखपृष्ठाबद्दल माझा आग्रह: पाचही भागांचा आराखडा एकदम करा, चित्र भले एकाचंच पूर्ण होऊ दे. मालिकेचं नाव, भागाचा क्रमांक, लेखिकेचं नाव यांच्या जागा पाचही मुखपृष्ठांवर त्याच. पुस्तकाच्या कण्याची, म्हणजे कपाटात दिसणाऱ्या कडेची, रुंदी पानांवर ठरते. केडीपीच्या क्रीम कागदाला दर पानामागे ०.००२५ इंच धरतात, म्हणजे ३०० पानांना ०.७५ इंच आणि ४०० पानांना पूर्ण १ इंच. तुमचे भाग लहानमोठे होणारच, म्हणून कण्यावरचं अक्षर सगळ्यात बारीक भागात मावेल असं बेता, म्हणजे पाच पुस्तकं शेजारी उभी केली की ओळ एका रेषेत येते. पानं वाढली की बांधणीकडचा समासही वाढवावा लागतो, नाहीतर आतल्या बाजूचे शब्द बांधणीत शिरतात. चित्रं छपाईला ३०० डीपीआयची द्या.

अजून एक बारीक गोष्ट, जी फार नुकसान करते. मालिकेचं नाव प्रत्येक भागाच्या नोंदीत अक्षरशः तेच लिहा. एका ठिकाणी जोडशब्द आणि दुसऱ्या ठिकाणी तोडलेला, असं झालं तर दुकानाच्या यंत्राला त्या दोन मालिका वाटतात.

नवी_पालवी

चर्चा वाचून मलाही धीर येतोय. एक विचारू का? मुखपृष्ठाचं चित्र एआयकडून करून घेतलं तर चालतं का?

अक्षरजुळणी

केडीपीचा नियम सप्टेंबर २०२३ पासून असा आहे की मजकूर, चित्र किंवा अनुवाद एआयने तयार केलेला असेल तर पुस्तक चढवताना तसं त्यांना सांगावं लागतं. स्वतः लिहिलेलं तपासायला, सुधारायला एआय वापरलं असेल तर सांगायची सक्ती नाही. नियमाने बंदी नाही, पण मी स्वतः मालिकेसाठी चित्रकाराकडेच जाईन. पाच मुखपृष्ठांवर तीच बाई तीच दिसायला हवी, तिचं वय वाढलेलं दिसायला हवं, आणि दोन वर्षांनी त्याच हाताने पाचवं चित्र निघायला हवं. चित्रकाराशी बोलताना छपाई, ईबुक, जाहिरात आणि पुढचे भाग, या सगळ्यांसाठी चित्र वापरायची परवानगी लेखी घ्या.

बारीक_अक्षरं

रानजाई, त्या पॅकेजबद्दल कुणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून लिहिते. करारांशी माझा रोजचा संबंध आहे.

स्वतः प्रकाशित करताना पैसे देऊन सेवा घेणं यात काहीच गैर नाही. संपादक, चित्रकार, अक्षरजुळणी करणारे, सगळ्यांना त्यांच्या कष्टाचे पैसे मिळालेच पाहिजेत. पण सेवा विकत घेतलीत तर हक्क तुमचेच राहायला हवेत. पैसेही तुम्ही द्यायचे आणि हक्कही तुम्हीच सोडायचे, असा करार माझ्या नजरेत तुमच्या बाजूचा नाही. एकच प्रश्न विचारून बघा: या संस्थेची कमाई वाचकांकडून होते की लेखकांकडून? लेखकांकडून होत असेल, तर पुस्तक विकलं जावं याची तिला गरज उरत नाही.

मालिकेच्या बाबतीत काही कलमं जास्त जपून वाचायची. 'या कृतीवर आधारित पुढील सर्व कृती' अशी ओळ दिसली तर तिथेच थांबा. तिचा अर्थ असा की पाच भागच काय, पाऊलवाट यांनी सुचवलेली पणजीची कथाही त्यांच्याकडे गेली. पुढच्या भागावर पहिला अधिकार मागितला असेल तर उत्तर द्यायची मुदत लिहिलेली हवी. कराराचा काळ आकड्यात हवा, 'हक्क अस्तित्वात असेपर्यंत' असं नको. ठराविक काळात ठराविक प्रती विकल्या गेल्या नाहीत तर हक्क आपोआप परत येतील, असं कलम हवं. ऑडिओ, अनुवाद, पडद्यावरचं रूपांतर हे हक्क प्रत्येकी वेगळे असतात, एकाच वाक्यात सगळे देऊन टाकू नका. आणि संपादित मजकुराच्या, मुखपृष्ठाच्या मूळ फाइली कुणाच्या, हे लिहून घ्या. पुढे वेगळं व्हायचं ठरलं तर त्याच फाइलींवर घोडं अडतं.

कॉपीराइटसाठी कुणाला पैसे देण्याची गरज नाही. १८८६ च्या बर्न करारानुसार सदस्य देशांमध्ये हा हक्क कृती निर्माण होताच मिळतो, नोंदणीची अट नसते. मुदत किमान लेखकाच्या हयातीनंतर ५० वर्षं, पुष्कळ देशांत त्याहून जास्त. मात्र कल्पनेला आणि शीर्षकाला हे संरक्षण नाही. दीपगृह सांभाळणारं घराणं ही कल्पना कुणीही घेऊ शकतं, तुमची वाक्यं घेऊ शकत नाही. मालिकेचं नाव ठरवायच्या आधी ते दुकानांमध्ये शोधून बघा.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक: छापील आणि ईबुक, प्रत्येक रूपाला वेगळा १३ आकडी क्रमांक लागतो. किंडलच्या ईबुकला तो सक्तीचा नाही. दुकानाने फुकट दिलेला क्रमांक दुसऱ्या ठिकाणी नेता येत नाही, म्हणून पुस्तक पुढे सगळीकडे न्यायचं असेल तर स्वतःच्या नावाने घेतलेला बरा. टंकनदोष सुधारला म्हणून नवा क्रमांक लागत नाही, नवी आवृत्ती केलीत तर लागतो.

रानजाई

बारीक_अक्षरं, ती ओळ करारात आहे. जवळजवळ याच शब्दांत. सही करणार नाही, असं त्यांना आजच कळवते. तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

बाकीचं असं ठरवलंय. दुसऱ्या भागाचा खर्डा पूर्ण करणार, तोवर पहिला घरातच. उत्तर बेट लांब नेणार आणि खिडकीतला उतारा नव्याने लिहिणार. पणजीची कथा मात्र लगेच हातात घेते, ती सिलेक्टमध्ये ९० दिवस ठेवून बघेन. पहिल्या भागाच्या शेवटी जहाजाचं कोडं सुटेल. आत्ताच्या खर्ड्यात ते अर्धवट लोंबकळतंय, ते निव्वळ_वाचक यांच्यामुळे जाणवलं. पैसे संपादनावर, आणि आराखडा पाचही मुखपृष्ठांचा.

एक राहिलं. दोन्ही खर्डे झाले की पहिले वाचक लागतील. ओळखीतल्यांना दिलं तर 'छान आहे' एवढंच येतं. त्यांना नेमकं काय विचारायचं?

तळटीप

'आवडलं का' हे विचारूच नका. कुठे थांबलात आणि पुन्हा केव्हा उघडलंत, कुठल्या पानावर मागे जाऊन बघावं लागलं, कुणावर संशय आला आणि कुठून आला, हे विचारा. संशयाची जागा समासात पेन्सिलीने खूण करून मागा. मग तुमच्या वहीतल्या 'कुणाला काय ठाऊक' या पानाशी त्या खुणा ताडून पाहा.

वाचकांचे दोन गट करा. एका गटाला दोन्ही भाग क्रमाने द्या. दुसऱ्याला फक्त दुसरा भाग द्या, पहिला न वाचता. हा दुसरा गट तुम्हाला दाखवेल की मागचं किती पुन्हा सांगायला हवं आणि किती उगाच सांगितलंय. आणि सगळ्यांना एकदम देऊ नका. निम्मे जण मागे ठेवा, सुधारलेला मजकूर पहिल्यांदा वाचायला कुणीतरी कोरं हवं.

निव्वळ_वाचक

मला फक्त दुसऱ्या भागाच्या गटात घाला. हा धागा वाचल्यामुळे मी तसा पूर्ण कोरा नाही, पण दिवा का विझवला गेला ते अजून माहीत नाही.

क्षितिजरेषा

मी दोन्ही भागांच्या गटात. बेटांचा नकाशा काढला असेल तर तोही पाठवा, अंतरं तपासून देईन.

रानजाई

नकाशा आहे, पण त्यावर मापपट्टी नाही. आधी ती घालते. दोघांनाही व्यक्तिगत निरोप पाठवलाय.